‘समतोला’च्या नावाखाली इतिहास-संशोधनावर घाला

इतिहासाच्या नियतकालिकात कोणता निबंध छापावा आणि कोणता परत पाठवावा, हा चार प्राध्यापकांचा घरगुती मामला आहे, असे पुष्कळांना वाटते. पक्षसभासदांतही असे मानणारे आढळतात. ही समजूत घातक आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत बंडखोर नाविकांच्या पाठीशी उभे राहून मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झेलणाऱ्या कामगारांना देशाच्या इतिहासात स्थान मिळणार की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी संपादकांच्या आणि परीक्षकांच्या टेबलावर होत असतो. म्हणूनच सत्ताधाऱ्यांची नजर त्या टेबलावर आहे.

पद्धत तशी साधी आहे. निबंध आला की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. बहुधा लेखकाचे नाव परीक्षकाला आणि परीक्षकाचे नाव लेखकाला कळू दिले जात नाही. पुरावा अस्सल आहे काय, साधनांचा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही ना, पूर्वीच्या संशोधनाची दखल घेतली आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. निष्कर्ष मंत्र्याला रुचेल की नाही, हा प्रश्न त्यात बसत नाही. आणि जमातवादी शक्तींना नेमका हाच प्रश्न तेथे घुसवावयाचा आहे.

भारतीय इतिहास संशोधन परिषदेची स्थापना १९७२ मध्ये झाली आणि तिचे ‘इंडियन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ हे नियतकालिक १९७४ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये केंद्रात सत्तापालट होताच वाय. सुदर्शन राव यांना परिषदेचे अध्यक्षपद देण्यात आले. त्यांचे संशोधन तज्ज्ञ-परीक्षण होणाऱ्या नियतकालिकांतून पुढे आलेले नाही, अशी जाहीर टीका रोमिला थापर यांनी त्याच वेळी केली होती. पुढल्याच वर्षी, २०१५ मध्ये, नियतकालिकाची सल्लागार समिती बरखास्त करण्यात आली. तीत खुद्द थापर होत्या, इरफान हबीब होते. मुख्य संपादक सब्यसाची भट्टाचार्य यांनी राजीनामा दिला. निर्णयाशी असहमत असलेले परिषदेचे सदस्य-सचिव गोपीनाथ रवींद्रन यांनीही पद सोडले. स्वतः ज्या कसोटीला उतरल्याचे दिसत नाही, ती कसोटी चालवणाऱ्यांनाच अध्यक्षांच्या कारकिर्दीत घरी बसवण्यात आले! यालाच ‘समतोल’ असे नाव आहे.

मक्तेदारीचा कांगावा

या कारवाईचे समर्थक म्हणतात की परिषदेत डाव्या इतिहासकारांची मक्तेदारी होती. अरुण शौरी यांनी १९९८ मध्ये या आरोपाचे एक पुस्तकच लिहिले. कोणी पैशांचा गैरव्यवहार केला असेल, तर त्यासाठी हिशेब तपासनीस आहे. त्याचा जाब नियतकालिकाच्या संपादक मंडळाकडून कसा काय मागता येईल?

आणि मक्तेदारीविषयी वस्तुस्थिती काय आहे? भारतीय सरंजामशाहीची मांडणी करणारे रामशरण शर्मा हे परिषदेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या या मांडणीवर मुळापासून घाव घातला तो हरबन्स मुखिया यांनी, आणि तो निबंध १९८१ मध्ये छापला ‘जर्नल ऑफ पेझंट स्टडीज’ या डाव्या विचारांच्या नियतकालिकाने. शर्मांनी १९८५ मध्ये त्याच नियतकालिकात सविस्तर उत्तर दिले आणि या वादाला वाहिलेला विशेषांकच निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक स्वतः मुखिया होते. कोणाची समिती बरखास्त झाली नाही, कोणावर देशद्रोहाचा शिक्का बसला नाही. निबंधाला उत्तर निबंधाने द्यावयाचे असते. ज्यांच्यापाशी निबंध नाही, त्यांनाच आदेशाचा आश्रय घ्यावा लागतो.

‘पुनरावलोकना’चा मुखवटा

तज्ज्ञ-परीक्षणाचे शब्द तेवढे उचलावयाचे आणि त्याचा गळा घोटावयाचा, हा डाव नवा नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या दशकातील कागदपत्रे संकलित करणाऱ्या ‘टुवर्ड्स फ्रीडम’ या प्रकल्पातील दोन खंड २००० सालच्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून परत मागवण्यात आले. त्यांपैकी १९४० चा खंड के. एन. पणिक्कर यांनी आणि १९४६ चा सुमित सरकार यांनी संपादित केला होता. कारण काय दिले? तर ‘पुनरावलोकन’ करावयाचे आहे! सरकार यांच्या खंडाचा पहिला भाग अखेर २००७ मध्ये वाचकांच्या हाती पडला. नाविकांच्या उठावाचे वर्ष सात वर्षे कपाटात कोंडले गेले.

पुढे हुतात्म्यांच्या कोशावरही हेच हत्यार चालवण्यात आले. परिषदेच्या तीन सदस्यांच्या समितीने १९२१ च्या मलबार उठावातील ३८७ हुतात्म्यांची नावे वगळण्याची शिफारस केल्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वारियनकुन्नत कुंजअहमद हाजी आणि अली मुसलियार यांची नावे त्यांत होती. त्याआधी २०२० मध्ये बाहेर आलेल्या एका अहवालात तर पुन्नप्रा-वायलारच्या कामगार हुतात्म्यांनाही वगळण्याची मागणी होती. ज्या परीक्षणाचा निकाल आधी ठरतो आणि परीक्षक मागाहून नेमले जातात, ते परीक्षण नसून पंचनाम्याचे सोंग आहे.

बाजाराचा दुसरा घाव

सत्तेने एका बाजूने घाव घातला, बाजाराने दुसऱ्या बाजूने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी अध्यापकांची नेमणूक आणि बढती प्रसिद्ध निबंधांच्या गुणांशी जोडली. परिणामी पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. नंतर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने नवी यादी चालवली गेली. २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर ढकलण्यात आली. तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला ग्रंथालय नाही, दप्तरखान्यात जाण्यास रजा नाही. मात्र गुण हवेत म्हणून तुटपुंज्या पगारातून छपाईचे पैसे भरावे लागतात. हा त्याच्या नीतीचा प्रश्न म्हणून सोडून देणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे होय.

दंडक सर्वांना एकच

हा दंडक समाजवादी देशांच्या अनुभवालाही लावला पाहिजे. ‘वोप्रोसी इस्तोरी’ या सोविएत नियतकालिकाने १९५६ मध्ये १९१७ च्या मार्च-एप्रिलमधील बोल्शेविक धोरणाविषयी बुर्जालोव्ह यांचे कागदपत्रांवर आधारलेले लेख छापले. मार्च १९५७ मध्ये केंद्रीय समितीच्या ठरावाने या उपसंपादकाला दूर करण्यात आले. त्यांच्या पुराव्याचे खंडन त्या ठरावाने झाले नाही. नुकसान मात्र इतिहासशास्त्राचे झाले. दिल्लीत जे निषेधार्ह, ते मॉस्कोत क्षम्य ठरू शकत नाही. मार्क्सवाद वस्तुस्थितीला भीत नाही. त्याला संरक्षित कोपऱ्याची गरज नाही.

तज्ज्ञ-परीक्षण निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. इंग्रजीचा पगडा, महानगरी विद्यापीठांचे वर्तुळ आणि शिष्य-गुरूंचे लागेबांधे हे दोष खरे आहेत. त्यांवर उपाय लोकशाहीचा विस्तार हाच आहे. नकाराची कारणे लेखी द्यावीत. हितसंबंध असलेल्या परीक्षकाने बाजूला व्हावे. टीका झालेल्याला उत्तराचा हक्क असावा, चूक उघड छापून दुरुस्त व्हावी. मराठीसह भारतीय भाषांतील संशोधनाला त्याच कसोटीवर, पण त्याच सन्मानाने दार उघडावे. संपादक मंडळाची नेमणूक मंत्रालयाच्या मर्जीवर न राहता अभ्यासकांच्या हाती असावी.

या मागण्या अध्यापक संघटनांनी, विद्यार्थ्यांनी आणि पुरोगामी बुद्धिजीवींनी एकत्र येऊन लढवल्या पाहिजेत. पक्षसभासदांनी हा लढा प्राध्यापकांवर सोपवून स्वस्थ बसता कामा नये. पुन्नप्रा-वायलारचे कामगार आणि मुंबईचे नाविक आपली बाजू मांडण्यास आज हयात नाहीत. त्यांच्या बाजूने उभा आहे तो पुरावा. आणि तो पुरावा निर्भयपणे तपासला व छापला जाईल, अशी जागा राखणे हे जिवंत असलेल्यांचे काम आहे.