सांताच्या पोत्यातली चढाओढ



आपल्या मंडळाचा हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर बहुतेक घरांतली नाताळची खरेदी उरकलेली असेल. निदान ‘उरकली’ असं आपण एकमेकांना सांगत असू आणि रात्री मुलं झोपल्यावर फोनवर आणखी एखादी वस्तू कार्टमध्ये टाकत असू. त्यामुळे या वर्षीच्या खर्चावर या संपादकीयाचा काडीचाही परिणाम व्हायचा नाही. तशी अपेक्षाही नाही. बिलं ताजी असताना बोललेलं पुढच्या वर्षी आठवतं, एवढाच हिशेब.

आकडे आधी सांगून टाकते. नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेने २०२४च्या हंगामाआधी केलेल्या पाहणीत अमेरिकी ग्राहकांनी माणशी सरासरी ९०२ डॉलर खर्चायचा बेत सांगितला होता. भेटवस्तू, खाणंपिणं, सजावट सगळं धरून. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरची किरकोळ विक्री ९९४ अब्ज डॉलरवर गेली. एवढ्या मोठ्या आकड्यातून काही बोध होत नाही, म्हणून एका खोक्याचा हिशेब करू. जून २०२५मध्ये निन्टेन्डो स्विच २ हा व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आला, तो साडेचारशे डॉलरला. त्याच्याबरोबर मारिओ कार्ट वर्ल्ड हा खेळ सुटा घेतला तर ८०. भावाबहिणींनी मिळून खेळायचं तर कंट्रोलरची आणखी एक जोडी हवी, तिचे शंभराच्या आसपास. वर सेल्स टॅक्स. म्हणजे झाडाखालची एक भेट साडेसहाशेच्या घरात गेली, रुपयांत पन्नास हजारांच्या वर. कोथिंबिरीची जुडी दोन डॉलरला झाली की आपण लगेच रुपयांत गुणाकार करून हळहळतो. या खोक्यापाशी आल्यावर मात्र तो पाढा कोणालाच आठवत नाही.

‘इथे राहतो तर इथल्या परंपरेप्रमाणे करायला नको का?’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. करावं की. दिवाणखान्यात झाड उभं करण्याबद्दल किंवा सांताला पत्र लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही; आमच्याही घरी देवघराशेजारी ते झाड लुकलुकत असतं. पण ही परंपरा समजतो तेवढी जुनी नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथला नाताळ म्हणजे बराचसा रस्त्यावरचा धिंगाणा: दारू, आरडाओरडा, श्रीमंतांच्या दारात जाऊन खाण्यापिण्याची मागणी. तो शहरी मध्यमवर्गाने घरात कसा आणला, त्याच्या मधोमध मुलाला कसं बसवलं आणि त्या मुलाच्या हातात दुकानातली वस्तू कशी आली, हे स्टीफन निसेनबॉम या इतिहासकाराने सविस्तर लिहून ठेवलं आहे. आणि दुकानांचा जोर किती, तर १९३९च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि थँक्सगिव्हिंग ३० तारखेला पडून नाताळपर्यंतचे खरेदीचे दिवस कमी होणार, असं व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्टनी तो सण चक्क आठवडाभर अलीकडे ओढला. बऱ्याच राज्यांनी ऐकलं नाही. देशात एकाच वर्षी दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले! शेवटी १९४१मध्ये काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. आपल्याकडे तिथीच्या क्षयवृद्धीवरून पंचांगकर्त्यांचे वाद होतात, पण दुकानदारांसाठी कोणी एकादशी सरकवल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट हनुकाची आहे. ज्यू पंचांगातला हा तसा लहान सण. मुलांच्या हातावर चार नाणी ठेवायची, दिवे लावायचे, तळणीचे पदार्थ खायचे. पण अमेरिकेत तो नाताळाच्या आगेमागे येतो. शेजारच्या घरी झाडाखाली खोक्यांचा ढीग दिसत असताना आपल्या मुलाला चार नाण्यांवर कसं समजवायचं, हा प्रश्न इथल्या ज्यू आईबापांना पडला आणि विसाव्या शतकात हनुकालाही भेटवस्तू आल्या, काही घरांत तर आठही रात्री.

आता दिवाळीकडे पाहा. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४मध्ये पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली, त्याचा आपल्या सगळ्यांना आनंद झाला. त्याच वर्षी मॅटेलने दिवाळीची बार्बी काढली, तिचे कपडे मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी केले, किंमत चाळीस डॉलर. बाहुली देखणी आहे, वाद नाही. पण सणाला सरकारी मान मिळाला की दुकानातली फळी मागोमाग येते, हे लक्षात घ्यायला हवं. ज्या दिवाळीत मुलांसाठी नवे कपडे, फराळ, अंगणातला मातीचा किल्ला आणि ओवाळणी एवढाच जामानिमा असायचा, तिच्यात आता ‘दिवाळी गिफ्ट’ नावाचा वेगळा प्रकार शिरला आहे. मग ब्लॅक फ्रायडे, मग नाताळ. एखाद्याचा वाढदिवस जानेवारीत असेल तर त्या आईबापांची दया येते. ज्यूंनी एका सणाला दुसऱ्याच्या बरोबरीला आणलं. आपण दोन्ही साजरे करतो आणि दोन्हींची बिलं भरतो.

हे आपण का करतो? मुलांचे लाड, हे उत्तर पुरत नाही. अ‍ॅलिसन प्यू नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तीन वर्षं मुलांमध्ये आणि त्यांच्या घरांमध्ये वावरून अभ्यास केला. त्यावरचं ‘लाँगिंग अँड बिलाँगिंग’ हे पुस्तक २००९मध्ये आलं. त्यांचं निरीक्षण असं, की मुलांना वस्तूपेक्षा त्या वस्तूवरच्या गप्पांत भाग घेता येणं हवं असतं. सुट्टीनंतर शाळा भरते, ‘तुला काय मिळालं?’ सुरू होतं, आणि ज्याच्याकडे सांगायला काही नाही तो त्या घोळक्यात असून नसल्यासारखा होतो. हे आईबापांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून गरीब घरंसुद्धा बाकी ओढगस्त सोसून मुलासाठी ती एक नेमकी महाग वस्तू आणतात. सुखवस्तू घरांची तऱ्हा वेगळी. तिथे जवळपास सगळं आणलेलं असतं, आणि ज्या एक-दोन गोष्टी आणलेल्या नाहीत त्या अभिमानाने चारचौघांत सांगितल्या जातात.

हे दुसरं वाचताना मला आपल्या मंडळाचा चहाचा टेबल दिसला. ‘आम्ही अजून फोन दिला नाही हो त्याला.’ खरं आहे, नाही दिला. आयपॅड आहे, घड्याळ आहे, खेळायचं कन्सोल आहे, कुमॉनचा क्लास आहे, गाडीत मागच्या सीटसाठी स्क्रीन आहे, फोन नाही. तेवढ्या एका ‘नाही’वर आपण वर्षभर साधेपणाचं पुण्य खातो.

पण प्यूबाईंच्या अभ्यासाला आपल्या बाजूने एक पुरवणी जोडावीशी वाटते. मूल घोळक्याबाहेर पडेल ही भीती सगळ्यांनाच असते; परदेशातून आलेल्या आईबापांना ती दुप्पट असते. आपल्या मुलाचं नाव शिक्षिकेला पहिल्या दिवशी उच्चारता येत नाही. डब्यातल्या पोळीभाजीकडे शेजारचा मुलगा नाक वाकडं करून पाहतो. नाव बदलता येत नाही, कातडीचा रंग बदलता येत नाही, आणि बदलावा असं आपल्याला वाटतही नाही. या सगळ्यात पैसे टाकून लगेच भरून काढता येण्यासारखी एकच उणीव असते: इतरांकडे आहे ती वस्तू. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बापाला निदान हे काम तरी आजच्या आज करता येतं. हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही. आपण मुलासाठी भरलेली ती प्रवेश फी आहे. अडचण एवढीच, की आपण भरली की पलीकडच्या घराला भरावी लागते, आणि मग पुढच्या वर्षी ती वाढते.

मुलांना त्यातून किती मिळतं, हा प्रश्न वेगळा. टोलीडो विद्यापीठात छत्तीस चिमुरड्यांवर केलेला एक छोटा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. समोर सोळा खेळणी ठेवली तेव्हापेक्षा चारच ठेवली तेव्हा मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आपल्या तळघरांतले प्लास्टिकचे डबे पाहून याचा फारसा अचंबा वाटू नये. मोठ्यांचंही असंच काहीसं आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, की मिळालेल्या भेटी, भावनेचा भाग बाजूला ठेवून, तुम्हाला किती मोलाच्या वाटतात? उत्तर निघालं ते देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एकदशांश ते एकतृतीयांशाने कमी. लांबच्या नातेवाइकांच्या वस्तूंचं मोल घसरलेलं, आणि आजीआजोबांचा कल रोख पैसे देण्याकडे. म्हणजे आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवणारे आपले काका-मामा अर्थशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक वागत होते. अर्थात भावनेचा भाग बाजूला ठेवून भेटीचं मोल करायचं म्हणजे मीठ बाजूला ठेवून आमटीची चव सांगायची. पण खर्चाचा विषय असेल तर त्या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही.

इथे कोणीतरी ‘आमच्या लहानपणी’ सुरू करील, म्हणून आधीच सांगते. आमच्या लहानपणी सावंतवाडीची लाकडी भातुकली आणि दिवाळीत एक फ्रॉक यात आम्ही सुखी होतो, हे खरं असलं तरी त्यात आमच्या संस्कारांचा वाटा फार नव्हता. वडिलांच्या पगारात तेवढंच बसायचं, आणि वाड्यातल्या इतर घरांतही तेवढंच असायचं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कमी असण्याचा त्रास झाला नाही, कारण सगळ्यांकडे कमी होतं. आज एडिसनमध्ये किंवा डॅलसमध्ये वाढणाऱ्या मुलाला एकट्याला ते सुख कुठून आणून द्यायचं? ‘आपल्याला परवडतं, पण आपण घेत नाही’ हे सांगणारं घर त्याला तत्त्वनिष्ठ वाटत नाही, चिक्कू वाटतं.

म्हणूनच एकेका घराला शहाणपण शिकवणारे लेख मला निरुपयोगी वाटतात. ही चढाओढ एकट्याने सोडता येत नाही. सगळ्यांनी मिळून, निदान दहा-बाराजणांनी मिळून सोडावी लागते. कॅनडातल्या आपल्या सभासदांना क्वेबेकचं उदाहरण माहीत असेल. तिथे १९८०पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी आहे. खेळण्यांच्या एका कंपनीने तिला न्यायालयात आव्हान देऊन पाहिलं, पण १९८९मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७८मध्ये लहान मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर बंधनं आणायचा विचार मांडला, तर १९८०मध्ये काँग्रेसने कमिशनचेच हात बांधले. तेव्हा सरकारकडे बघण्यात अर्थ नाही. पण टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या पालकांनी २०१७मध्ये सुरू केलेली ‘वेट अंटिल एट्थ’ ही चळवळ पाहण्यासारखी आहे. आठवीपर्यंत मुलाला स्मार्टफोन द्यायचा नाही, अशी प्रतिज्ञा पालक सही करून देतात. खुबी पुढेच आहे: त्याच शाळेतल्या, त्याच इयत्तेतल्या किमान दहा कुटुंबांनी सही केल्याशिवाय ती प्रतिज्ञा कोणालाच लागू होत नाही. म्हणजे आपलं पोर एकटं पडणार नाही, याची हमी मिळाल्यावरच संयम सुरू. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली याहून चांगली तजवीज माझ्या पाहण्यात नाही.

आपलं मंडळ शाळा नाही, आपली मुलं वेगवेगळ्या गावांत शिकतात, हे कबूल. पण त्यांचा एक घोळका इथेही आहेच, आणि त्या घोळक्याचे नियम तरी आपल्या हातात आहेत. सुरुवात आपल्याच वर्षअखेरच्या कार्यक्रमापासून करावी लागेल. आपल्याकडे सांता येतो, पोत्यातून नाव पुकारून मुलांना भेटी देतो, आणि त्या भेटी ज्याच्या-त्याच्या आईबापांनी गुपचूप आणून दिलेल्या असतात. एकाच पोत्यातून एका मुलाला ड्रोन निघतो आणि पुढच्याला रंगपेटी. सहा वर्षांच्या मुलीच्या लेखी त्याचा अर्थ सरळ आहे: सांताला तो मुलगा जास्त आवडतो. तेव्हा कार्यकारिणीने ठरवलं आहे की या वर्षापासून पोत्यात पडणारी कोणतीही भेट पंधरा डॉलरच्या आतली असेल. ज्यांना आपल्या मुलाला ड्रोन द्यायचा असेल त्यांनी तो खुशाल घरी द्यावा. पावत्या कोणी तपासणार नाही. यावर दोन सभासदांनी आधीच हरकत घेतली आहे, की मंडळाने कोणाच्या खिशात हात घालू नये. हरकत रास्त आहे. मात्र सभागृहातला सांता मंडळाचा आहे.

वाढदिवसांच्या रिटर्न गिफ्टबद्दल आम्ही काही ठरवलेलं नाही. त्या पिशव्या कोणालाच नको असतात आणि तरी प्रत्येक जण मागच्या वाढदिवसापेक्षा जरा बरी पिशवी देतो. एखाद्या इयत्तेच्या आयांनी आपापसात ठरवून त्या बंद केल्या, तर बाकीच्यांवर उपकार होतील. दरवर्षीप्रमाणे दाराशी ‘टॉइज फॉर टॉट्स’चं खोकं असेलच. मरीन कॉर्प्सच्या राखीव दलाने १९४७मध्ये सुरू केलेला हा उपक्रम गरजू घरांतल्या मुलांना खेळणी पोचवतो. खेळणं नवं हवं आणि कागदात गुंडाळलेलं नको. घरातलं वापरलेलं, अर्धवट सुटे भाग हरवलेलं सामान कृपया आणू नका. ते परत नेणं स्वयंसेवकांना फार जड जातं.

सहावी-सातवीतल्या मुलांच्या पालकांसाठी चहाच्या टेबलाशेजारी स्मार्टफोनच्या प्रतिज्ञेचा एक कागद ठेवलेला असेल. वर शाळेचं नाव आणि इयत्ता, खाली सह्यांसाठी जागा. एकाच शाळेतली दहा नावं आपल्यात जमणं कठीण आहे, तेव्हा आपल्यापुरता आकडा चारवर आणला आहे. चार जमले तर ते चौघे आपापल्या शाळेत इतर पालकांशी बोलतील. नाही जमले, तर हाच कागद गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला पुन्हा ठेवू.