तीस की शंभर? सीमाभागातल्या घरचं नेट आणि महिन्याचा हिशेब

‘आणखी तीनशे रुपये घाला, तीसचं शंभर करून देतो.’ शहापूर असो की निपाणी, नेट जोडायला आलेला माणूस एवढं सांगितल्याशिवाय सहसा जात नाही. महिन्याला तीनशे म्हणजे फार नाही, असं वाटून घरातले होकार देतात. पंधरा दिवसांनी मागच्या खोलीतला व्हिडिओ कॉल पुन्हा अडकायला लागतो आणि मग प्रश्न पडतो, की जादा पैसे दिले ते नेमके कशाचे?

आधी हिशेब. १ सप्टेंबर २०२० पासून जिओफायबरने जे दर लावले, त्यांत ३९९ रुपयांना ३० एमबीपीएस, ६९९ ला १००, ९९९ ला १५० आणि १,४९९ ला ३०० असा चढता भाव होता. त्यानंतर घरगुती नेटचा बाजार साधारण याच टापूत फिरत राहिला. या आकड्यांत १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. त्यामुळे तीसवरून शंभरवर जाताना फरक ३०० चा नव्हे, ३५४ चा पडतो. वर्षाला ४,२४८ रुपये.

आता गरज किती ते पाहू. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ लागतात. व्हिडिओ मीटिंग तीन-चार एमबीपीएसमध्ये नीट चालते. धरा, टिळकवाडीतलं एक घर. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, धाकटीचा ऑनलाइन क्लास चालू आहे, हॉलमध्ये क्रिकेट लागलंय आणि आजोबा मोबाईलवर कीर्तन ऐकतायत. सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज वीसच्या आत राहते. म्हणजे तीसचा प्लॅन पुरतो. टीव्ही फोर-के असेल आणि दोन खोल्यांत दोन टीव्ही चालत असतील, तर गोष्ट वेगळी.

मग नेट अडकतं का? पुष्कळदा कारण घराच्या आतच असतं. बेळगावातली गल्लीतली जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला जास्त. रस्त्याकडे पुढची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. वायर रस्त्याकडून येते म्हणून राउटर पुढच्या खोलीत, तोही टीव्हीच्या कपाटात दडवलेला. काम करणारा बसतो शांतता हवी म्हणून अगदी मागे. मध्ये दोन-तीन जाड भिंती. राउटर जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर मागे पोचेपर्यंत शंभरचे वीसही उरत नाहीत. नव्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण भिंतीपुढे तो आणखी लवकर दमतो. इथे प्लॅन वाढवणं म्हणजे नळाला पाणी येईना म्हणून टाकी मोठी करण्यासारखं. तीस-चाळीस फूट लॅनची वायर मागच्या खोलीत ओढली, तर एकदाच्या खर्चात काम भागतं. ते करायचा कंटाळा का येतो, काय की!

वाय-फायचा दोष नसला, तर दुसरं कारण वीज आणि तुटलेली वायर. पावसाळ्यात खानापूर, बेळगाव पट्ट्यात वीज किती वेळा जाते, हे वेगळं सांगायला नको. फायबरमधून प्रकाश जातो, त्यामुळे वाटेतल्या वायरीला वीज लागत नाही. वीज लागते घरातल्या डब्याला आणि कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या टोकाला. घरचा डबा आणि राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस साधारण हजार-दीड हजारात मिळतो. म्हणजे शंभरच्या प्लॅनच्या चार-पाच महिन्यांच्या जादा पैशांत. केबलवाल्याच्या टोकाला बॅटरी आहे का, हे जोडणी घेण्याआधी शेजाऱ्याला विचारावं. हेस्कॉमची वीज गेली की त्याचंही नेट जात असेल, तर तीसवाला आणि तीनशेवाला दोघं सारखेच बसून राहतात.

निपाणीकडे आणखी एक अडचण. घरचं नेट गेलं की हॉटस्पॉट लावायचा, हा सगळ्यांचा उपाय. पण कोगनोळी, सौंदलग्याच्या बाजूला फोन कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत, तरी मध्येच टॉवर बदलला की मीटिंग तुटू शकते. नोकरीच नेटवर असेल, त्याने वेग वाढवण्याऐवजी दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली जोडणी घेतलेली बरी. दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत नाहीत ना, एवढं मात्र बघावं.

प्रवेशाच्या दिवसांतही वेगाचा गैरसमज होतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे. फॉर्म भरताना पान उघडेना झालं की दोष घरच्या नेटला जातो. फॉर्मचं पान हलकं असतं. शेवटच्या दिवशी दमतो तो पलीकडचा सर्व्हर.

ज्यांना जादा वेग खरोखर लागतो, ते लोक वेगळे. लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ, मोठ्या ड्रॉइंग फायली मागवणारा उद्यमबागेतला कारखानदार. एक जीबीची फाइल तीसवर साडेचार मिनिटं घेते, शंभरवर ८० सेकंद. रोज पंधरा-वीस फायली असतील तर ३५४ रुपये केव्हाच वसूल. त्यांनी अपलोडचा आकडा वेगळा विचारावा. फायबरवर तो बहुधा डाउनलोडइतकाच असतो, वायरलेस जोडणीत बराच कमी भरतो.

व्यापाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. दुकानाचं बिल जीएसटी नंबरवर घेतलं तर १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. पण वायरीच्या जोडणीचा कर ती जिथे बसवली त्या राज्याचा. ज्याची नोंदणी कागल किंवा गडहिंग्लजची आणि जोडणी निपाणीत, त्याच्या बिलावर कर्नाटकाचा कर लागतो आणि महाराष्ट्राच्या नंबरवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. ‘कंपनीच्या नावावर टाका’ म्हणण्याआधी हे पाहिलेलं बरं.

प्लॅन बदलण्याआधी रात्री नऊला लॅपटॉप थेट वायरीने राउटरला जोडून वेग मोजावा, मग मागच्या खोलीत वाय-फायवर. वायरीवर पूर्ण तीस येत असतील आणि मागे आठच, तर भांडण भिंतीशी आहे. वायरीवरच दहा येत असतील तर कंपनीशी. तक्रार नोंदवून तिचा नंबर ठेवावा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार वायरीच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. आणि ‘सहा महिन्यांचे भरा, एक महिना फुकट’ ही सवलत नव्या केबलवाल्याकडून लगेच घेऊ नये. एक पावसाळा त्याची वायर कशी टिकते ते बघून मग भरावेत.