गरज मोजणार कोण?

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत उमेदीची वर्षे घालवलेला एखादा कामगार पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो, तेव्हा त्या घरापुढे पैशाइतकाच माणसाचा प्रश्न उभा राहतो. सकाळी त्याला उठवून बसवायचे कोणी, न्हाणीघरापर्यंत न्यायचे कोणी, रात्री कूस बदलून द्यायची कोणी? बहुधा पत्नी किंवा सून आपली नोकरी सोडते आणि प्रश्न सुटला असे सर्वांनी समजायचे असते. पुढे हेच कुटुंब साहाय्यासाठी शासनाच्या दारी जाते, तेव्हा यांपैकी एकही प्रश्न त्याला विचारला जात नाही.

तेथे मोजल्या जातात त्या दोनच गोष्टी: रुग्णालयात शरीराची टक्केवारी आणि तहसील कार्यालयात घराचे उत्पन्न. ज्याला जिना उतरता येत नाही त्याला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचे, रिक्षात घालायचे, रांगेत ताटकळत ठेवायचे. आणि हे सारे त्याला जिना उतरता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी! टक्केवारी चाळीस भरली तर तो सवलतींच्या व्याख्येत बसतो. एकोणचाळीस भरली तर त्याचे दुखणे घरचे.

उत्पन्नाची कथा याहून विलक्षण आहे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी त्यात आणखी १,००० रुपयांची भर घालण्याचा निर्णय झाला. त्याबद्दल शासनाला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ती ५०,००० रुपये, म्हणजे सबंध घराला रोजचे एकशे सदतीस. मुंबईच्या उपनगरात एवढ्यावर चालणारे घर कोणी पाहिले आहे काय? ही गोष्ट अर्जदाराला ठाऊक असते, तशीच कारकुनालाही. ‘मुलगा कमावता आहे ना?’ असे विचारणारा कारकून निष्ठुर असतो असे नव्हे. त्याच्यापुढच्या नमुन्यात दुसरा रकानाच नसतो.

वस्तुतः कायदा याच्या पुढे गेलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ३८ व्या कलमानुसार, आपल्याला अधिक साहाय्याची गरज आहे असे ज्या दिव्यांग व्यक्तीला वाटते तिला त्या गरजेच्या मूल्यमापनासाठी अर्ज करता येतो. २४ व्या कलमात तर काळजीवाहकासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही नेहमीची पळवाट ठेवूनच. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने क्रम उलटा लावला: आधी गरज तपासायची, ऐपतीचा विचार नंतर, आणि सेवा करणाऱ्या नातेवाइकाची गरजही स्वतंत्रपणे तपासायची. तेथेही प्रतीक्षायाद्या लांबच लांब आहेत आणि स्थानिक संस्थांच्या तिजोऱ्या रित्या आहेत. तरीही सून ही व्यक्ती तेथल्या कागदावर निदान अस्तित्वात आहे.

आपल्याकडे तिने सोडलेला पगार कोणत्याच हिशेबात येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यात तिची मिळकत शून्य लिहिली जाते आणि तिचे श्रमही शून्यच धरले जातात.

हे बदलण्यासाठी नव्या खात्याची आवश्यकता नाही. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका आजही वस्त्यांतून घरोघर फिरतात. रुग्णाला कोण उठवतो, दिवसातून किती वेळा, आणि त्यासाठी त्या व्यक्तीने काय सोडले, हे तीन प्रश्न त्यांनी त्याच उंबरठ्यावर विचारून अर्जाला जोडावेत, आणि त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळावा.