खुडूक कोंबडी आणि तिची पिल्ले

पलूस भागात भांगलणीची मजुरी आली तशी वाण्याच्या उधारीत जाते. कोंबडीचे चार पैसे मात्र घरच्या बाईच्या हाती राहतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, औषधपाणी निघते. जमिनीचा तुकडा नसला तरी हे उत्पन्न चालते. म्हणून पिल्लू मेले की "गेलं तर गेलं" म्हणून सोडून देणे आम्हांस पटत नाही.

देशी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. सगळी एकदम निघत नाहीत, तेव्हा कोंबडीला घाईने उठवू नये. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो. पहिला दिवसभर दाणा नसला तरी त्याचे अडत नाही. त्याला हवी असते आईची ऊब.

पुढचे दोन आठवडे जपायचे. आई डालग्याखाली ठेवली की पिल्ले लांब जात नाहीत. दिवसा घार आणि कावळा यांवर तिची नजर असते, पण अंधारात तिला नीट दिसत नाही. मुंगूस दिवसाच फिरते, पण बोका, साप आणि घूस बहुतेक रात्री डाव साधतात. उसाला लागून वस्ती असेल तर धोका जास्त. म्हणून रात्री नुसत्या डालग्यावर विसंबू नये. खुराड्याला बारीक जाळी आणि घट्ट झाकण हवे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठच्या घरांनी खुराडे उंचावरच बांधावे.

पाणी उथळ ताटलीत द्यावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. तांदळाची कणी, मक्याची बारीक भरड चालते. आईच सगळे खाऊन टाकत असेल तर दुसरे डालगे विटांवर टेकवून दाणा त्याखाली ठेवावा. पिल्ले आत शिरतात, आई बाहेर राहते. खालचा भुसा ओला झाला की बदलावा. ओलीमुळे रक्ती हगवण लागते.

सर्वांत मोठा वैरी मानमोडी, म्हणजे रानीखेत रोग. तो विषाणूने होतो. नजर लागल्याने नाही आणि देवी कोपल्यानेही नाही. उतारा टाकून किंवा नवस बोलून एकही पिल्लू वाचत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढचे डोस डॉक्टरांना विचारून घ्यावेत. अडचण एवढीच की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एकट्या बाईला ती परवडत नाही. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारले तर मात्र जमते.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते ओढ्यात फेकू नयेत, विकू नयेत, खाऊही नयेत. लगेच दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे विसरू नये.

भगिनींनो, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांबरोबर हाही विषय घ्या. कोणाच्या घरी किती पिल्ले आहेत ते एका वहीत लिहा आणि लसीचा दिवस ठरवा.