मुकी तहजीब

'आजकालच्या मुलांना तमीजच राहिलेली नाही.' आपल्या मोहल्ल्यात हे वाक्य रोज कानावर पडते. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे ते म्हणतात, निकाहच्या मांडवात बुजुर्ग म्हणतात, पालकसभेत अब्बू म्हणतात आणि शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हाती घेऊन आम्ही शिक्षकही म्हणतो. या वाक्याची एक मोठी सोय आहे. दोष मुलांचा ठरतो, नाहीतर मोबाईलचा, नाहीतर जमान्याचा. आपला कधीच ठरत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत दहा वर्षे शिकवते आहे आणि माझे म्हणणे याच्या उलट आहे. आपली मुले बेअदब नाहीत. आपण त्यांना अदब शिकवलीच नाही. गप्प बसायला शिकवले आणि त्यालाच तहजीब असे भारदस्त नाव देऊन मोकळे झालो.

आपण घरात काय शिकवतो ते एकदा मोजून पाहा. सलाम कर. मोठ्यांसमोर बोलू नको. उलट उत्तर देऊ नको. पाहुणे आले, आत जा. नजर खाली ठेव. पाच हुकूम, आणि त्यांतले चार मुलाला गप्प किंवा गायब करणारे. हे हुकूम पाळणाऱ्या मुलाला 'बहुत शरीफ बच्चा है' असा शेरा मिळतो. पण हे शरीफ मूल सोळाव्या वर्षी मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकते तेव्हा त्याचे काय होते, याची चौकशी कोणी करत नाही.

आमच्या शाळेतली एक मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीच्या प्रवेशासाठी ती एका महाविद्यालयाच्या खिडकीपाशी गेली. आतल्या बाबूने कागद चाळले आणि 'हा दाखला चालत नाही, दुसरा आण' एवढे म्हणून ते परत सरकवले. कोणता दुसरा, तो कुठे मिळतो, किती दिवसांत लागेल, हे त्याने सांगितले नाही आणि हिने विचारले नाही. अब्बू लूमवर बारा तासांच्या पाळीत, अम्मी घरी कांड्या भरणारी. दोन फेऱ्या फुकट गेल्या, प्रवेशाची तारीख उलटली. मुलगी वर्षभर घरी बसली आणि त्याच वर्षात तिचे लग्न ठरले. मोहल्ला आजही तिचे कौतुक करतो, 'बहुत सीधी लडकी थी.'

बाबू उर्मट होता, हे खरेच. पण उर्मट बाबू प्रत्येक खिडकीत भेटणार आहे. तिला हवे होते फक्त एक वाक्य. 'साहेब, नेमका कोणता दाखला ते या कागदावर लिहून द्याल का?' आम्ही तिला बीजगणित शिकवले, गझलेतल्या शेरांचे अर्थ शिकवले, व्याकरण शिकवले. हे एक वाक्य शिकवले नाही.

भाषेची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगते. 'आप' आणि 'तू' यांतला फरक आमच्या पहिलीतल्या मुलालाही कळतो. तेच मूल मोठे झाल्यावर मराठीत मात्र पोस्टातल्या बाईंना 'तू फॉर्म दे' असे सांगते. बाई चिडतात आणि 'यांच्यात संस्कारच नाहीत' असा निकाल देऊन टाकतात. संस्कार आहेत हो! तुम्ही-याल-द्यालची रूपे जिभेवर नाहीत. त्या मुलाने मराठी शिकली ती हातगाडीवाल्यांकडून आणि गल्लीतल्या दोस्तांकडून, आणि तिथे सगळा कारभार 'तू'चाच. मराठीत आदर क्रियापदात असतो. 'सांग' आणि 'सांगा' यांत एका कान्याचा फरक आहे, पण तेवढ्यावर माणसाचे घराणे ठरवले जाते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याआधीपासूनच शिकवली जाते. पण कशी? धड्याखालची प्रश्नोत्तरे फळ्यावरून वहीत उतरवून. वर्षभरात एकदाही मूल समोरच्या माणसाशी मराठीत चार वाक्ये बोलत नाही, आणि पोस्टात गेले की त्याने ती अदबीने बोलावीत अशी आपली अपेक्षा.

आवाजाचेही तसेच. आमची मुले ओरडून बोलतात, अशी तक्रार बाहेरचे करतात, आतलेही करतात. पावरलूमच्या गल्लीत एक दिवस राहून पाहावे. भिंतीपलीकडे दिवसरात्र खडखडाट चालू असताना आई मुलाला भाकरीला बोलावते तीसुद्धा ओरडूनच. तिथला सामान्य आवाजच तेवढा आहे. त्या मुलाला 'जंगली' म्हणून काहीही साधत नाही. गल्लीत हा आवाज, वर्गात हा आणि दवाखान्यात हा, असे तीन आवाज त्याच्याकडून करून घ्यावे लागतात. दोन-चार दिवसांत ते त्याला जमते. मात्र करून घेणाऱ्याने स्वतः ओरडायचे नाही.

आणि इथेच घोडे अडते. आपल्याकडे अदब ही खालून वर जाणारी वस्तू आहे. लहानाने मोठ्याला द्यायची, सुनेने सासूला, मजुराने सेठला, विद्यार्थ्याने उस्तादला. वरून खाली काही येते का? वर्गात 'ए मोटे', 'ओ कालू', 'लंगडे, इधर आ' अशा हाका मी रोज ऐकते, आणि त्या सगळ्या मुलांच्या तोंडच्या नसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. हे कलम पदवीधर शिक्षकांना ठाऊक नाही असे थोडेच आहे? छडी बऱ्याच ठिकाणी गेली, जीभ तशीच राहिली.

मजा अशी, की या सगळ्याला आपण दीनचा आधार देतो. मग दीनचेच पाहू. एकमेकांची टिंगल करू नका, वाईट टोपणनावांनी हाक मारू नका, असा आदेश सूरह अल्-हुजुरातमध्ये आहे आणि त्यातून उस्तादांना सवलत दिलेली नाही. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला नसीहत करतो. लोकांपुढे गाल फुगवून वागू नकोस, आवाज खाली ठेव, असे सांगतो. पण तो मुलाला 'माझ्या लाडक्या' अशा प्रेमाच्या संबोधनाने हाक मारून सांगतो, आणि ते संबोधन आपण वगळून टाकतो. हजरत अनस यांनी लहानपणापासून दहा वर्षे पैगंबरांची (स.) सेवा केली. या दहा वर्षांत पैगंबर त्यांना कधी 'उफ्' देखील म्हणाले नाहीत, असे ते स्वतः सांगतात. आपल्यापैकी किती जणांचा नोकर किंवा विद्यार्थी आपल्याबद्दल दहा दिवसांपुरते तरी असे सांगेल?

आणि बोलणाऱ्या मुलींना बेशरम म्हणणाऱ्यांनी सूरह अल्-मुजादला उघडावी. हजरत खौला आपल्या नवऱ्याने केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन खुद्द पैगंबरांशी वाद घालत होत्या. त्यांचे म्हणणे ऐकले गेले, एवढेच नव्हे, तर सूरहला नावही त्या वादावरूनच मिळाले. आपल्या मोहल्ल्यात त्यांना कोणी सांगितले असते, 'बाई, नजर खाली ठेवा आणि घरी जा.'

'मुलांना बोलू दिले की ती उद्धट होतील' असे यावर हमखास ऐकवले जाते. उद्धट मुले मीही पाहते. पण ती बोलू दिल्यामुळे उद्धट झालेली नसतात. घरात गप्प बसवलेला मुलगाच नाक्यावर आवाज चढवतो, कारण बोलण्याचे दोनच प्रकार त्याला माहीत असतात. आपल्याहून जोरदार असेल त्याच्यापुढे गप्प, कमजोर असेल त्याच्यावर आवाज. हे तो घरातच शिकला. बी.एड.ला आम्ही बांडुराचा १९६१ मधला प्रयोग पाठ केला होता. मोठ्या माणसाने हवेच्या बाहुलीला बडवताना पाहिलेली मुले स्वतःही तिला तसेच बडवू लागली. परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले, गुण मिळाले, आणि वर्गात पाऊल टाकताच आपणच ती मोठी माणसे आहोत याचा विसर पडला.

गप्प मुलाची किंमत खिडकीवरच्या कामापुरती नसते. ज्याला अब्बूंसमोर कधी 'नाही' म्हणू दिले नाही, तो दोस्ताने गुटख्याची पुडी पुढे केल्यावर 'नाही' कसे म्हणणार? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी पुढे करणारा हात काही थांबलेला नाही. त्याहून भयंकर गोष्ट आपण बोलत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध पोक्सो कायदा २०१२ मध्येच झाला. पण ज्या मुलाला 'मोठे म्हणतील ते खरे' एवढेच शिकवले आहे, त्याच्या अंगाला एखाद्या मोठ्यानेच हात लावला तर ते कोणाला सांगेल? आणि कोणत्या शब्दांत? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत परिणामकारक संवाद आहे, दुसऱ्याच्या मनात शिरून पाहणे आहे, राग आवरणे आहे, विचारपूर्वक निर्णय घेणे आहे. मुकाट बसणे नावाचे कौशल्य त्या यादीत नाही.

आता काही पालक दुसऱ्या टोकाला गेले आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला ते भरभक्कम फी मोजतात. तिथे मुलाला टाय बांधतात, 'हॅलो अंकल', 'सॉरी आंटी' शिकवतात, आरशासमोर हसायला लावतात. मूल घरी येऊन पाहुण्यांसमोर हे सगळे करून दाखवते आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासणाऱ्या खालाला 'ए' म्हणून हाक मारते. अब्बू ऐकतात आणि काही बोलत नाहीत. ती फी वाया गेली म्हणून समजावे.

मग करायचे काय? पैसा लागत नाही. रोज परिपाठ असतो, त्यातली दहा मिनिटे पुरतात. वर्गात टेबल मांडावे, एक मूल बँकेचा साहेब, दुसरे खातेदार. एक डॉक्टर, दुसरे आजारी अम्मीला घेऊन आलेले. साहेब बनणाऱ्याने मुद्दाम तुसडेपणा करायचा आणि समोरच्याने आवाज न चढवता, पण कागद न घेता परत न फिरता काम करून घ्यायचे. एक दिवस उर्दूत, एक दिवस मराठीत. मुलींना आधी साहेब बनवावे, त्यांना त्या खुर्चीची सवय व्हायला हवी. आमच्या वर्गात हे चालते. सुरुवातीला मुले हसतात, लाजतात, ओढणीचे टोक चावतात. दोन महिन्यांनी तीच मुले मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहून पाण्याच्या टाकीची तक्रार अदबीने आणि पूर्ण वाक्यात करतात. मुख्याध्यापकांना सुरुवातीला ते आवडले नाही, हेही सांगायला हवे.

घरात तर याहून सोपे आहे. जेवताना मुलाला दिवसभराचे विचारा आणि त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. त्याचे मत चुकीचे वाटले तर कारण सांगा. चूक आपली असेल तर 'माझे चुकले, बेटा' असे म्हणा. मौलवी नजीर अहमद यांनी १८७४ मध्ये 'तौबतुन्नसूह' लिहिली. त्यात कुटुंबाला सुधारायला निघालेला नसूह मोठ्या मुलाची, कलीमची पुस्तके जाळतो, आणि मुलगा कायमचा हातचा जातो. पुस्तके जाळणारे बाप आता फारसे नसतील, पण तोंडातला शब्द तिथेच जाळणारे घराघरांत बसले आहेत.

माझ्या बुजुर्गांना आणि शाळेतल्या सहकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी 'मुलांना तमीज नाही' असे तोंडावर आले की जरा थांबा आणि आज आपण एखाद्या मुलाला आधी सलाम केला का, ते आठवा. पैगंबर (स.) मुलांजवळून जाताना त्यांना सलाम करत. मुले आपल्यापेक्षा लहान आहेत, हे त्यांनाही माहीत होते.