साठ रुपयांचं दाभण

गेल्या डिसेंबरात याच जागेवर सिक्रेट सँटाबद्दल लिहिलं, तेव्हा 'तुम्हाला कशाचाच आनंद घेता येत नाही का हो' अशी पत्रं आली होती. ती पाठवणाऱ्यांनी आमच्या एचआरचा यंदाचा मेल वाचायला हवा होता. चिठ्ठ्या काढायच्या आधी प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा होता. आवडता रंग, आवडतं पेय, छंद (यादीतले कोणतेही दोन) आणि शेवटी 'तुम्हाला मिळाव्यात अशा तीन वस्तू', जमल्यास लिंकसकट. भेटीची किंमत किमान ३००, कमाल ५०० रुपये. ज्याचं नाव आपल्या चिठ्ठीत येईल त्याचा फॉर्म आपल्याला दिसणार, आपण लिंकवर बोट ठेवणार आणि कोणीतरी पोऱ्या घामाघूम होऊन वस्तू आणून देणार. डोक्याला ताप म्हणून नाही.

स्टोअरमधून पंचिंग मशीन मागवताना आम्ही असाच कागद भरतो. फक्त तिथे आवडता रंग विचारत नाहीत.

एचआरचा खुलासा असा, की गेल्या वर्षी बऱ्याच जणांना नको त्या वस्तू मिळाल्या. नको त्या वस्तू म्हणजे कॉफीचे मग. या विषयावरचं माझं मत नेहमीच्या वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात आवरतो. ज्या ऑफिसात मग जास्त तिथला चहा वाईट, असं माझं निरीक्षण आहे आणि ते सिद्ध करून दाखवायची माझी अजिबात तयारी नाही. मगाच्या खालोखाल सुगंधी मेणबत्ती, तिच्या खालोखाल काचेच्या बाटलीतला बांबू. तीनही वस्तूंवर 'खास तुमच्यासाठी' असं लिहिलेलं असतं आणि तीनही कोणालाही देता येतात. माझा आक्षेप त्या 'खास'वर आहे. कोणालाही चालेल अशी वस्तू द्यायला माझी मुळीच हरकत नाही. आमच्याकडे ती पद्धत पिढ्यानपिढ्या आहे आणि उत्तम चालली आहे.

संक्रांतीचं वाण घ्या. डिसेंबर संपत आला की पुण्यात बोहरी आळीत आणि तुळशीबागेत डझनाच्या हिशेबाने खरेदी सुरू होते. चहाच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे, कापडी पिशव्या, झाकणाचे डबे, स्टीलच्या वाट्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जिला जो दिवस सोयीचा तिने त्या दिवशी हळदीकुंकू करायचं आणि येईल तिच्या हातावर ती वस्तू ठेवायची. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना तीच गाळणी, मुलीच्या शिक्षिकेला तीच गाळणी, नणंदेलाही तीच. 'माझ्या स्वभावाला साजेशी गाळणी नाही मिळाली' म्हणून आजवर कोणी रुसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वस्तू इतकी माफक किमतीची, की परत काय द्यायचं याचा घोर घेणारीला लागत नाही. तिनेही चार दिवसांनी स्वतःचे दोन डझन काहीतरी काढलेलेच असतात. निवड एकदाच करायची, ती वस्तूची. माणसांची करायची नाही. (अर्थात ती आधी होऊनच गेलेली असे. विधवांना बोलावत नसत, आणि कुठे कुठे अजूनही बोलावत नाहीत. या प्रथेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.)

माझ्या आईच्या मांडणीवर वाणाच्या वाट्यांची एक चळत आहे. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात तशी प्रत्येकीच्या काठाखाली यंत्राच्या सुईने बारीक टिंबाटिंबांची अक्षरं काढलेली आहेत: सौ. अमुक तमुक, आणि खाली साल. अक्षरं वाकडी, वेलांट्या एकमेकींत घुसलेल्या, आणि आडनाव वाटीच्या गोलाईत मावेना म्हणून शेवटचं अक्षर वर चढलेलं. त्यातल्या निम्म्या बायका आता कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. पण कोणाची वाटी कुठली हे आई न बघता सांगते, आणि खिचडी वाढताना एखादीचा उद्धारही करते.

म्हणजे वाणावर देणारीचं नाव कोरलेलं, आणि घेणारी कोण याने काही फरक पडत नाही. सिक्रेट सँटात सगळं उलट. पुडक्यावर घेणाऱ्याचं नाव ठळक आणि देणारा गायब. दोन्ही खेळांचे नियम चोख आहेत. वाण सांगतं, मी सगळ्यांना सारखं धरलं, आणि हे मी केलं. चिठ्ठी सांगते, या एकाच माणसाकडे नीट बघ, आणि ते केल्याचं श्रेय घेऊ नकोस. दुसरं काम पहिल्याच्या दसपट अवघड आहे. कॉफीचा मग द्यायचा म्हणजे चिठ्ठीच्या खेळात वाण वाटायचं, तेही नाव न घालता. यातली प्रामाणिकपणे करण्यासारखी एकही गोष्ट आपण केलेली नसते.

गुपिताचंही असंच झालं आहे. ज्या संत निकोलसवरून हा सँटा आला, तो चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध कथा अशी, की एका बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते आणि निकोलसने रात्रीच्या अंधारात त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. अंधार कशासाठी? तर बापाला चारचौघांत हात पसरावा लागू नये म्हणून. तिथे गुपिताने घेणाऱ्याची अब्रू राखली. आमच्या ऑफिसात ते देणाऱ्याची राखतं. 'बेस्ट टीम प्लेअर' छापलेली उशी दिली कोणी, हे कोणालाच कळत नाही, आणि ती देणारा माणूस सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवतो.

फॉर्मवाल्यांच्या बाजूने एक विद्वान आहेत, ते मी लपवून ठेवत नाही. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळातल्या भेटींवर एक निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्हाला मिळालेल्या वस्तूला देणाऱ्याने किती मोजले असतील आणि तुमच्या लेखी तिची किंमत किती. उत्तरांवरून त्यांनी हिशेब मांडला, की भेटीच्या मोलातला एक दशांश ते एक तृतीयांश भाग नुसता वाया जातो. हा निबंध दर डिसेंबरात कोणीतरी उकरून काढतं आणि 'त्यापेक्षा पैसेच द्या' म्हणतं. त्यातला दुसरा निष्कर्ष मात्र सांगायचा राहून जातो. मित्रांनी दिलेल्या वस्तूंत ही तूट जवळजवळ नव्हती. सर्वांत जास्त होती ती आजीआजोबांच्या आणि काकामामांच्या भेटींत. माया कमी होती असं कोण म्हणेल? पण नातू दिवसभर करतो काय, हे आजीला ठाऊक नव्हतं आणि खोलीतल्या मित्राला होतं. आता मला सांगा, समोरच्या टेबलावरचा माणूस दिवसाचे आठ तास काय करतो, हे माहीत असायला फॉर्म कशाला लागतो?

आणि माणूस जितका विक्षिप्त तितकं हे काम सोपं. अवघड असतात ती सरळ माणसं, ज्यांना 'काहीही चालतं'. त्यांच्यासाठी मलाही काही सुचत नाही. त्यांना खुशाल चॉकलेटं द्या.

आमच्या अकाउंट्समधले काका सरळ माणसांत मोडत नाहीत. मे महिन्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालतात, कारण एसीचा झोत थेट मानेवर येतो आणि जागा बदलून मागणं त्यांना पटत नाही. कॅल्क्युलेटर प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवीवरूनच बटणं दाबली जातात. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवतात. सगळी व्हाउचरं संगणकात असली तरी महिनाअखेर त्यांची छापील चळत ठोकून सारखी करतात, कोपऱ्याला दाभणाने तीन भोकं पाडतात, जाड दोऱ्याने शिवतात आणि वरच्या टोकाला गाठ मारून उरलेला दोरा अर्ध्या ब्लेडने कापतात. ऑडिटवाल्या पोरांनी हे बाड कधी उघडल्याचं ऐकिवात नाही. फॉर्ममधल्या वस्तूंच्या तिन्ही रकान्यांत काकांनी लिहिलं: 'आवश्यकता नाही'.

त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली ती त्यांच्याच समोर बसणाऱ्या, जुलैत लागलेल्या मुलीला. ती माझ्याकडे आली. "सर, काकांनी काहीच लिहिलं नाहीये. स्वेटर देऊ का?"

"पाचशेत येणारा स्वेटर ते घालतील?"

"नाही घालणार. मग हो?"

म्हटलं, समोर तू बसतेस, मी नाही. हे उत्तर तिला आवडलं नाही. पण महिनाअखेर नुकतीच होऊन गेली होती आणि दोन दिवसांनी तिला आठवलं. "सर, ते शिवताना सारखा हात पुसतात."

आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघितलं. दाभणाची लाकडी मूठ उभी तडकली होती. तिच्यावर वायरमन वापरतात ती काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचा डिंक उन्हाळ्या-पावसाळ्यांनी पाझरून मूठ चिकट झालेली. शेजारी घडी घातलेला रुमाल, त्याच्या मधोमध अंगठ्याएवढा काळा डाग. हा रुमाल महिनोन् महिने आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

शनिवारी ती बोहरी आळीत गेली. दुकानदाराने विचारलं, पोत्याला हवंय की चामड्याला? कागदाला म्हटल्यावर तो जरा थांबला, आणि कागदाला म्हणजे किती जाड, हे त्याने विचारलं. हिने मोबाइलमधला बाडाचा फोटो दाखवला. तीन दाभणं निघाली. प्लास्टिकच्या मुठीचं स्वस्त होतं, ते तिने बाजूला सारलं. लाकडी मुठीचं एक हातात धरून पाहिलं. आपल्या हातात भरतंय म्हणजे काकांच्या हाताला बरोबर बसेल, असा अंदाज केला. साठ रुपये. परत येताना वाटेत मला फोन करून तिने त्या मुठीचं इतकं वर्णन केलं, की नव्या मोबाइलचंही कोणी करत नाही.

आता प्रश्न किमान रकमेचा. साठ म्हणजे दोनशे चाळीस रुपये कमी. तिने जाड दोऱ्याची रिळं घेऊन पाहिली. काकांच्या वेगाने चार रिळं निवृत्तीनंतरही पुरतील, आणि तरी बेरीज तीनशेच्या जवळपास जाईना. मी म्हटलं, बिल कोण मागतंय? पण मुलगी नवीन आहे, तिने सोमवारी रीतसर मेल टाकून विचारलं, की भेट कमी किमतीची असेल तर चालेल का. अर्ध्या तासात उत्तर आलं. सर्वांना समान अनुभव मिळावा यासाठी किमान मर्यादा पाळणं बंधनकारक आहे. मात्र रक्कम कमी पडत असल्यास कंपनीचे बोधचिन्ह असलेले मग स्टोअरमध्ये शिल्लक आहेत, ते दोनशे पन्नास रुपये भरून घेता येतील.