आधी मीटर, मग ईसीयू

जुनी एमपीएफआय ओम्नी तापल्यावर गचके देते, पेट्रोल पिते म्हटलं की गॅरेजात निदान तयार: "ईसीयू गेला!" ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं, म्हणजे बदली ईसीयू बहुधा भंगारातला, गॅरंटी शून्य. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनवाल्याची कमाई अशी निव्वळ अंदाजावर जाते.

अरे, पण तपासलं काय? कूलंट टेंपरेचर सेन्सर हा साधा थर्मिस्टर. २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० ला तीनशे ओहमच्या आसपास. कनेक्टरची पिन गंजून रेझिस्टन्स वाढला, की ईसीयूला तापलेलं इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. बिचारा हुकूम पाळतोय! मीटर लावून हे दहा मिनिटांत कळतं.

आपण मात्र लॅबमध्ये कार्ब्युरेटरचं कट-सेक्शन बघून जर्नल भरतो. सर, तिथे एक चालू एमपीएफआय इंजिन आणि चार मल्टिमीटर ठेवता येतील का?